जागचं हलायचं न्हाई

पार्कात जायचं म्हणून गिरिजा उजाडायच्या आत नटूनथटून ओट्यावर येऊन बसली होती, आणि आत स्वयंपाकघरात सविता पुऱ्या लाटता लाटता बाहीनं डोळे पुसत होती. पुऱ्यांचं पीठ सैल झालं होतं की डोळ्यांपुढं धुकं होतं, देव जाणे, पण एक पुरी धड गोल होईल तर शपथ.

"आई, आली का गं मोठ्या बाबांची गाडी?"

"यील गं बाई. दम धर की जरा. पार्क काय पळून चाललंय?"

"पळालं तर?"

"तर आपुन त्याच्या मागं पळू. गप बस आता, फ्रॉक मळवशील."

पोरगी हसली. सविताला मात्र त्या हसण्यानं आणखीच भरून आलं. कारण संध्याकाळी गाडी माघारी येणार होती, पण गिरिजा घरी, वराळ्याला, येणार नव्हती. सविता आणि तिचा नवरा कैलास तळेगावच्या फाट्यावर उतरणार होते आणि झोपलेल्या पोरीला घेऊन गाडी तशीच पुढं रावेतला जाणार होती. तिच्या जन्मदात्या आईबापाच्या फ्लॅटवर. कायमची. घरातल्या सगळ्या थोरामोठ्यांना हे ठाऊक होतं. ज्या लेकराचं आयुष्य उचलून इकडचं तिकडं ठेवायचं होतं, त्याला तेवढं कुणी काही सांगितलं नव्हतं. मोठ्या माणसांची अक्कल ही अशी असते.

झालं होतं असं. अपेक्षा ही सविताची थोरली जाऊ. तिला जुळ्या मुली झाल्या, त्याही दिवस भरायच्या आधी. त्यातली ऋतुजा इतकी नाजूक की कितीतरी दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती आणि अपेक्षा त्या पेटीपाशी. दुसरी, गिरिजा, जरा धडधाकट. ती घरी आली ती थेट सविताच्या हातात. सविताच्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती आणि पाळणा काही हलला नव्हता. डॉक्टर झाले, उपासतापास झाले, लोकांची बोलणी खाऊन झाली. मग बारशाच्या दिवशी सासूनं, अंबूबाईनं, देवापुढं पाट मांडला, सविताला बसवलं आणि चार बायकांच्या देखत गिरिजाला तिच्या ओटीत घातलं.

"ही तुजी," अंबूबाई म्हणाली. "आता हिच्यावर दुसऱ्या कुनाचा हक्क न्हाई."

सविताला हळदकुंकू लावलं ते अपेक्षानंच. रडत लावलं, पण लावलं. ओटीत घातलेलं लेकरू म्हणजे दिलेला शब्द, त्याचा कागद कोण करतं? सविता कागद मागती तर तीच वाईट ठरली असती. 'घरातल्या घरात कोर्टकचेरी करते' म्हणून जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. म्हणून तिनं मागितला नाही. तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

गेल्या वर्षी अंबूबाई गेली. सोबत तो शब्दही गेला म्हणायचा. यंदा पोरी पहिलीत जायच्या झाल्या. ऋतुजा रोज घरी विचारायला लागली, "माझी बहीण तिकडे का राहते?" आणि पाडव्याला थोरला भाऊ, संदेश, कैलासला बाजूला घेऊन म्हणाला, "आता पोरगी आमच्याकडे येऊ दे. अपेक्षा रात्र रात्र झोपत नाही रे. जन्माच्या दाखल्यावर आमचीच नावं आहेत. तुला मी वेगळं काय सांगू?"

कैलास आंबीच्या कंपनीत मशीनवर काम करतो. मशीनपुढं वाघ आणि थोरल्या भावापुढं शेळी. मान खाली घालून घरी आला.

"पोरीचं भलं व्हईल, सविते. शाळा चांगली हाय तिकडं. आन सख्खी भन हाय."

"आन माजं?"

कैलास न्हाणीत जाऊन पाय धुवायला लागला.

झोपेत न्यायची ही अक्कल मात्र शेजारच्या लीलाबाईची. "दिवसभर खेळवा, दमवा, आन झोपंत न्या. जागंपनी न्याल तर हंबरडा फोडंल. चार दिस रडंल, मंग रुळंल. आन तू म्हैनाभर तोंड दावू नगंस."

"रेडकू हाय व्हय ते, मावशी?" सविता ताडकन बोलली. पण संदेशला ते पटलं, अपेक्षाला पटलं, आणि कैलासनं नेहमीप्रमाणं भावाच्या होला हो केलं. हे सगळं ठरवताना पोरगी बाहेर चिंचोके खेळत होती.

गाडी आली. मागच्या बाकावर कैलास कडेला, सविता मधे आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन पोरी. ऋतुजा गोरी, किरकोळ, केसांना रंगीत क्लिपा. गिरिजा उन्हात रापलेली, गुडघ्यावर खरचटलेली, बोटभर उंच. तरी हसल्या की दोघींच्या गालाला एकाच जागी खळी पडायची. कामशेत मागं पडलं, कार्ल्याचा डोंगर दिसला तशी गिरिजानं खिडकीतूनच एकवीरेला हात जोडले. तिचं बघून ऋतुजानंही जोडले.

लोणावळा जवळ आलं तशी सविता सवयीनं बोलून गेली, "गिरजे, गर्दी आसंल बरं का. हरवलं तर काय करायचं?"

गिरिजानं पाढा म्हणावा तसं म्हणून टाकलं, "जागचं हलायचं न्हाई. रडायचं न्हाई. कुनी बलिवलं तर जायचं न्हाई. आई येती."

वडगावच्या जत्रेत ती एकदा बोट सोडून खेळण्यांच्या दुकानापुढं रेंगाळली होती. सविताचा तेव्हा जीव अर्धा झाला होता. त्या दिवसापासून हा मंत्र चालू होता. जत्रा असो, बाजार असो, लग्न असो, आधी मंत्र आणि मग पुढचं.

"आई येती," ऋतुजानंही म्हणून बघितलं आणि खुदकन हसली. पुढच्या सीटवर अपेक्षानं मागं वळून बघितलं नाही. पण तिची मान ताठ झालेली सविताला दिसली.

आता पार्काचं काय सांगावं? जिकडं बघावं तिकडं पाणी, पाळणे, कर्कश गाणी आणि सुट्टी वसूल करायला आलेली माणसं. एका मोठ्या पाळण्यापाशी उंचीची पट्टी रंगवली होती. पट्टीएवढं असेल त्यालाच आत सोडत. गिरिजा पट्टीला टेकून उभी राहिली ती बरोबर रेघेला लागली. ऋतुजा बोटभर कमी पडली.

"ही येऊ शकते. ती नाही," तिथला माणूस म्हणाला.

ऋतुजाचा ओठ थरथरायला लागला. गिरिजानं एकदा पाळण्याकडं बघितलं, चांगलं डोळे भरून बघितलं, मग बहिणीचा हात धरला. "मला न्हाई बसायचं त्यात. मला वकारी येती. चल ऋतू, आपुन बदकात बसू."

हिला कसली आलीय ओकारी? जत्रेतल्या आकाशपाळण्यात दोन्ही हात सोडून बसणारी पोरगी ही. सविताला तिचं कौतुक वाटलं. पोरी एकमेकींच्या होत्या. हे तिला दिसत होतं, आणि दिसू नये असं वाटत होतं. अपेक्षा लबाड असती, कजाग असती, तर किती बरं झालं असतं. मनसोक्त भांडता तरी आलं असतं.

आत डबा न्यायला बंदी, म्हणून दुपारी बाहेर गाडीपाशी बसून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी खाल्ली. वाकड्यातिकड्या पुऱ्या बघून गिरिजा म्हणाली, "आई, ही पुरी आपल्या मोत्याच्या कानावानी झालीया." सगळे हसले. संदेशला ठसका लागला आणि त्यानं पाण्याच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

जेवणानंतर लाटांच्या तलावाकडं गेले. ऋतुजाचे कपडे ओले झाले होते, म्हणून सविता तिला घेऊन कपडे बदलायला गेली. गिरिजाचा हात अपेक्षाच्या हातात दिला. देताना, 'आता तर हेच व्हायचंय,' असं मनाशी म्हणाली सुद्धा. तेवढ्यात लाटा सुटायचा भोंगा वाजला, सगळं पार्क तलावाकडं धावलं, आणि सविता ऋतुजाला घेऊन बाहेर येते तो अपेक्षा एकटीच उभी. पांढरीफटक.

"आत्ता इथं होती. मी फक्त फोन काढला, फोटोसाठी. आत्ता इथं होती गं!"

सविताच्या तोंडून जे निघालं ते तिलाही आवरता आलं नाही. "अजून दिली बी न्हाई, ताई, तवर हरवली?"

संदेश एकीकडं धावला, कैलास दुसरीकडं. अपेक्षा अनवाणीच ऑफिसकडं पळाली. थोड्या वेळानं भोंग्यातून पुकारा सुरू झाला. "गिरिजा संदेश गराडे, जिथे असशील तिथून ऑफिसपाशी ये. तुझी आई वाट बघते आहे." पुन्हा पुन्हा तेच. सविताला हसावं की रडावं कळेना. गिरिजा संदेश कोण? तिची पोरगी बालवाडीत छाती काढून 'गिरिजा कैलास गराडे' म्हणून सांगायची. आणि बोलावलं तर जायचं नाही, हे तर तिला घरूनच पाठ.

सविता कुठंच धावली नाही. ऋतुजाला कडेवर घेतलं आणि अपेक्षाचा हात सुटला होता त्या जागेपासून गर्दी वाहत गेली होती त्या बाजूला चालत गेली. पाणी उडवणारा एक प्लॅस्टिकचा जिराफ होता. त्याच्या पायाशी गिरिजा उभी. दोन्ही हात पोटाशी, ओठ निळे पडलेले, डोक्यावर जिराफाचं पाणी संततधार. बाजूला रखवालदार हैराण.

"मॅडम, तुमची का ही? जागची हलतच नाही! ऑफिसला चल म्हटलं, चॉकलेट देतो म्हटलं, निदान पाण्यातून बाजूला हो म्हटलं. दगड झालीय नुसती."

"आई, मी न्हाई हलले," गिरिजा म्हणाली.

"गुनाची माजी ती."

"रडले पन न्हाई. उलसं रडले, पन ते पान्यात दिसलं न्हाई."

सवितानं तिला ओढणीत गुंडाळलं आणि खाली बसून छातीशी धरलं. एका कडेला ही, एका कडेला ती. त्या घडीला तिच्या मनात काय काय येऊन गेलं म्हणून सांगू! वाटलं, ऋतुजाला रखवालदाराच्या हवाली करावं, मागच्या फाटकातून निघावं, मिळेल त्या गाडीत बसावं आणि जावं कुठं तरी. पण जाणार कुठं? मग वाटलं, निदान सांगावं तरी. आपल्या तोंडानं सांगावं, म्हणजे उद्या उठल्यावर 'आईनं टाकलं' असं पोरीच्या मनात यायला नको. यापलीकडं तिला काही नको होतं आता.

"गिरजे, ऐक. आज सांजच्याला तुला…"

"काय?"

"तुला मोठ्या आईकडं…"

तेवढ्यात अपेक्षा आली. केस सुटलेले, पायाला कसलं तरी लागून रक्त आलेलं. ती तिथंच पाण्यात गुडघ्यांवर बसली आणि गिरिजाचे ओले पाय धरून ओक्साबोक्शी रडायला लागली.

"मी हात सोडला गं बाळा. मी तुझा हात सोडला. मी कसा सोडला गं?"

ही आजच्या हाताचं बोलत नाहीये, हे सविताला लख्ख कळलं. सहा वर्षं ही बाई हेच म्हणत जागी राहिली असणार. त्या वेळी एक पेटीत होती, एक आपल्या ओटीत. हिनं तरी काय करायचं होतं? सविताला तिचा राग धरायचा होता, पण हातात राग येईचना.

"उटा ताई," ती म्हणाली. "सापडली न्हवं? उटा."

आणि जे सांगायचं होतं ते तिनं गिळून टाकलं. आता सांगितलं तर पोरगी अपेक्षाच्या अंगाला हात लावू देणार नाही, असं तिला वाटलं. न सांगणं हीच माया आहे, असंही वाटलं. माणूस चुकतं ते असं.

लोणावळ्याचा सुट्टीचा रस्ता म्हणजे मुंगीला सुद्धा वाट मिळायची नाही. येणारा जाणारा त्या गर्दीच्या नावानं बोटं मोडतो. त्या संध्याकाळी फक्त सविता देवाला म्हणत होती, तुंबू दे रे रस्ता, चांगला तुंबू दे. नेमका त्या दिवशी रस्ता मोकळा. कार्ला गेलं, कामशेत गेलं, वडगाव आलं कधी नि गेलं कधी. गिरिजा तिच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली होती. केसांना पार्कातल्या औषध मारलेल्या पाण्याचा वास येत होता. सविता त्या केसांतून बोटं फिरवत राहिली.

तळेगावच्या फाट्यावर गाडी थांबली. कैलासनं दार उघडलं. अपेक्षा पुढून उतरून मागं आली, ऋतुजाला पलीकडं सरकवून बसली. सवितानं गिरिजाचं डोकं दोन्ही हातांवर उचललं आणि आपल्या मांडीवरून तिच्या मांडीवर ठेवलं.

पोरगी चाळवली. डोळे न उघडता म्हणाली, "आई, आलं का घर?"

"आलंच," सविता म्हणाली. "झोप."

गाडी रावेतच्या दिशेनं निघून गेली. बऱ्याच वेळानं सविताला आपल्या हातातल्या पिशवीचं भान आलं. आत ओला फ्रॉक होता आणि गिरिजाच्या चपला.

"आवं, चपला माज्याकडंच ऱ्हायल्या," ती म्हणाली. "पोरगी अनवानी गेली."

कैलासनं रिक्षाला हात केला, रिक्षा थांबली, पण त्याला तिच्यात चढता येईना. फाट्यावरच्या दगडावर बसून तो लहान पोरासारखा रडला. थोरल्या भावापुढं जे बोलायचं होतं ते सगळं तिथं रडला. रिक्षावाला बघत राहिला, मग निघून गेला.

सकाळी सविता अंगणात तो फ्रॉक धुऊन दोरीवर टाकत होती, तेव्हा अपेक्षाचा फोन आला. तिच्या आवाजात काही उरलं नव्हतं.

"सविता, ती उठल्यापासून दारापाशी उभी आहे. रडत नाही, बोलत नाही, दूध घेत नाही. ऋतूनं खेळायला बोलावलं तरी जाग्यावरून हलत नाही. ह्यांनी उचलून आत आणलं, तर पुन्हा तिथंच जाऊन उभी. मी काय करू गं? तू म्हणालीस तर आम्ही तिला… तूच बोल तिच्याशी."

सविताला जे कळायचं ते कळलं. आपणच शिकवलेलं होतं, एकेक अक्षर.

"गिरजे."

"आई!" आवाज आनंदानं फुटला. "मी दारातच हाय. झोपंत हरवले बघ मी. पन हलले न्हाई. तू कुटवर आलीस?"

ये म्हणावं, आत्ता येते म्हणावं, चपला घेऊन येते म्हणावं. जिभेवर आलं होतं. अपेक्षानंही दार उघडं ठेवलं होतं, नाही असं नाही. पण सविताच्या डोळ्यांपुढं त्या पाण्यात गुडघ्यांवर बसलेली बाई आली, आणि बहिणीचा हात धरून 'मला वकारी येती' म्हणणारी पोरगी आली. तिनं दोरी घट्ट धरली.

"बाळा, तू हरवली न्हाईस. ते बी तुजंच घर हाय. मोठी आई बी तुजी आईच हाय. दूध पी, आन ऋतूसंगं खेळ."

पलीकडं पोरीनं ते मनाशी तोलून बघितलं.

"मी न्हाई हरवले?"

"न्हाई."

"मग तू हरवलीस व्हय, आई?"

सवितानं फ्रॉकची ओली बाही तोंडात कोंबली. मग काढली आणि म्हणाली,

"व्हय गं माजे रानी. मीच हरवले."

"आगं मग घाबरू नगं," गिरिजा म्हणाली. तिच्या आवाजात एकदम थोरल्या बाईचा धीर आला होता. "रडू पन नगं. कुनी बलिवलं तरी जायचं न्हाई. जागची हलू नगंस हां. मी येते."

आणि लगेच, तोंड फोनपासून लांब करून, ती अपेक्षाला म्हणाली, "मोठी आई, दूध दे. मला पिऊन लवकर जायचंय."

फोन बंद झाला. कैलासनं आतून चहाला हाक मारली. थोडं थांबून पुन्हा मारली. सविता दोरीखाली, फ्रॉक हातात धरून, होती तिथंच उभी राहिली.